जरी, तरी

धनकवडीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
संध्याकाळी सात ते साडेआठ
मी इंग्रजी शिकवतो.
खाली पट्टा फिरू लागला की फळा थरथरतो,
खडूची रेघ सरळ येत नाही
आणि वह्यांवर ज्वारीचं पीठ बसतं.

आज जोडशब्द.
दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामावर टांगायची नाहीत,
हाउएव्हरच्या आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम.
नाझिम मुलाणी रिक्षा चालवतो. तो म्हणतो,
"सर, एवढ्याशा शब्दाला दोन-दोन सिग्नल?"
मंदाकिनी शेलार वहीत तीनदा अर्धविराम काढतात,
वही लांब धरून बघतात:
"हे तर बटण आहे. खाली दोरा लोंबतोय."
पंचवीस वर्षं फॉल-पिको करणाऱ्या बाई,
त्यांना मी काय सांगणार.

आपल्याकडे बरं असतं.
उठून, पाणी भरून, डबे करून,
पोरीची वेणी घालून, स्वारगेटची बस धरून
बाई थेट क्रियापदापर्यंत पोचते,
मध्ये कुठे न टेकता.
इंग्रजीत तीच बाई
अँड, देन, आफ्टर दॅट, अँड,
प्रत्येक स्टॉपला उतरते, पुन्हा चढते.
हे मी वर्गात बोलत नाही. फी घेतो मी.

मग येतो ऑल्दो.
दर बॅच तिथेच घसरते.
ऑल्दो लिहिलं की पुढे बट लिहितातच,
कारण एकदा जरी म्हटलं की आपली जीभ
तरीसाठी चाचपडत राहते,
देवळाबाहेर एकच चप्पल सापडल्यासारखी.
तिकडे एक पुरतो, मी सांगतो.
जोडीतला एक ठेवा, एक काढा.
"कोणता?"
कोणताही.
"असं कसं कोणताही," मंदाकिनीबाई पुटपुटतात.

वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या.
पत्र होतं, जावयाला. तो हैदराबादचा,
मराठीचं अक्षर येत नाही.
लग्नाला चार वर्षं झाली. या गेल्या नव्हत्या.
का, ते मी विचारलं नाही.
चार ओळींचं इंग्रजी, सगळ्या सुट्ट्या:
मी लग्नाला आले नाही. मी ब्लाउज शिवला होता.
तो कपाटात आहे. आता तिला होणार नाही.
"सर, एवढं जोडून द्या."

मी एकेक शब्द लावून बघितला.
बिकॉज लावला तर सगळा दोष ब्लाउजवर.
"छे."
देअरफोर: आले नाही, म्हणून शिवला.
त्या गप्प झाल्या. "तसंही आहे थोडं. पण नको."
मीनव्हाइल?
"म्हणजे?"
म्हणजे, त्याच वेळी इकडे.
"तिकडे अक्षता, इकडे मशीन? नको,
परक्याच्या पोराला कशाला रडवायचं."

शेवटी त्यांनीच लिहिलं, ओठ हलवत,
ऑल्दो आय डिड नॉट कम, बट आय हॅड स्टिच्ड.
लाल पेन हातात उघडंच होतं.
मी बट खोडला. नियम तो नियम.
"खोडा की," त्या म्हणाल्या,
"उसवायची सवय आहे मला."

पिशवी उचलली, चष्मा पुसला, पुन्हा बसल्या,
आणि खोडलेल्या जागेच्या वर,
टीप घालावी तशा बारीक अक्षरात,
आपल्या लिपीत लिहिलं:
तरी.

"बाई, हे त्याला वाचता येणार नाही."

"माहीत आहे," कागदाची घडी नखाने दाबत त्या म्हणाल्या,
"अडला की तिलाच विचारेल ना,
हे काय म्हणून."