वर बघू नकोस

दहा दिवसांची सवलत होती, आणि वैजूने
फ्रिजवरच्या कॅलेंडरचे तीन चौकोन
हिरव्या पेनाने भरून टाकले.
तीन पदार्थ, माणशी एकशे वीस रियाल.
एरवी तेवढ्यात तिथे नुसता सूपचा वाडगा येतो
हे तिने मला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा गाडीत,
जी आम्ही दोन गल्ल्या सोडून लावली,
कारण वॅलेच्या पोराला आमच्या सनीची किल्ली द्यायची
तिला लाज वाटते.
एक काच अर्धीच खाली येते. बस, एवढंच.

सप्टेंबर. दोह्यात काचा बाहेरून घामेजलेल्या.
एकतिसाव्या मजल्यावर लिफ्ट उघडली,
गार झोत गालाला लागला
आणि मी ओळखलं, ही माझी हवा.
बारा साली इथेच शिडीवर, मान मोडेस्तोवर वर बघत
जस्ती पत्र्याचे सांधे आवळले होते मी.
तेव्हा फरशी नव्हती, खिडक्यांना काचा नव्हत्या.
समुद्र थेट आत यायचा,
आणि आम्ही सिमेंटच्या गोण्यांवर बसून
खुबूस डाळीत बुडवायचो.

आमच्या टेबलावरची जाळी बारीक शीळ घालत होती.
डावीकडचा डँपर. एक आटा फिरवला की गप्प.
"वर बघू नकोस," वैजू म्हणाली, "ताटात बघ."

ताटात बघण्यासारखं होतं.
परातीएवढ्या पांढऱ्या बशीत बीटाचे तीन काप,
कडेने हिरव्या तेलाचे ठिपके,
रांगोळी काढता काढता कुणी दाराशी उठून गेल्यासारखे.

पाणी मात्र सवलतीत नव्हतं.
"साधं की बुडबुड्यांचं?" मुथोनीने विचारलं.
नाव छातीवरच्या पट्टीवर; गाव नैरोबीच्या पुढे कुठेसं.
बाटलीला अठ्ठावीस रियाल.
नाकापेक्षा मोती जड, मी मराठीत पुटपुटलो.
वैजूने इंग्रजीत एक मागवली
आणि ती आम्ही तीर्थासारखी पुरवली.

पाव फुकट. तिसऱ्यांदा आणताना मुथोनी हसली.
चौथ्यांदा न मागता आणला.

मग हामूर, केशराच्या रश्शात.
वैजू चमच्याच्या टोकाने चव घेते,
दुसऱ्याने केलेली बेरीज तपासावी तशी.
"केशर. बडीशेप. आणि काहीतरी जळकं."
कार्ड वाचलं: जळू दिलेलं लोणी.
"म्हणजे मुद्दाम?"
त्या मुद्दामपाशी ती बराच वेळ थांबली.
"घरी जळलं की मी खिडक्या उघडते.
इथे छापतात."
आणि उरलेला रस्सा पावाने पुसून घेतला,
आजूबाजूला न बघता.

मी बघितलं. शेजारी पूर्ण भावाने जेवत होते.
त्यांचा हामूरचा तुकडा आमच्याएवढाच.
पत्रा कापून कापून डोळ्यात फूटपट्टी बसते,
सुताचाही फरक नव्हता.
मला उगाच फार बरं वाटलं.

शेवटी खजुराचा गरम केक, वर वितळतं आईस्क्रीम.
वैजूने डोळे मिटले.
मी माझा अर्धा तिच्याकडे सरकवला,
तिने डोळे न उघडताच ओळखलं.

लोक सांगतात, अशा ठिकाणाहून आलं की
घरी दहीभात कालवावा लागतो.
आम्हाला नाही लागला.
दोनशे अडुसष्ट, वर दहाची नोट ग्लासाखाली,
आणि पोट अगदी नीट भरलेलं.

कार्डाचं यंत्र येईपर्यंत
तीच मान वर करून बघत राहिली.
"कुठला आटा?"
"डावीकडचा."
"छान गार आहे पण."

खाली रस्त्यावर पाऊल टाकताच
तिच्या चष्म्यावर वाफ धरली.
दोन मिनिटं आंधळी, माझी बाही धरून
ती दोन गल्ल्या चालली.
"मंगळवारी ते जपानी ना? ते कितव्या मजल्यावर?"
"माहीत नाही. ते काम माझं नव्हतं."
"बरं झालं," वैजू म्हणाली,
"तिथे तू जेवशील."