पहिला हात

टाइल्स उपटल्यावर कळलं,
भिंतीला पोट सुटलंय, बेसिनच्या अगदी वर.
पाणसळीतला बुडबुडा
मध्ये थांबायलाच तयार नाही.

शेजारचे एम्रिस टबच्या काठावर बसून सांगतात :
आधी पाणी पाज तिला. तहानलेली भिंत
गिलावा धरत नाही, गिळते.
चाळीस वर्षं स्वान्सीतली घरं लिंपली त्यांनी,
आता उजवा खांदा वर जात नाही.

पहिली थापी माझ्या बाहीत गेली.
दुसऱ्या खेपेचा माल बादलीतच दगड झाला.
तिसरा चिकटला.
मी श्वाससुद्धा हळू सोडला.

नळाशेजारी चार भोकं आहेत,
वडिलांच्या आधाराच्या दांडीची.
तिथे माझा हात रेंगाळला, तेव्हा
एम्रिस खिडकीबाहेरचे सीगल मोजत बसले.

मग दिवा मालवून त्यांनी
बॅटरी भिंतीला लावून आडवी धरली,
आणि मला सपाट वाटलेल्या जागेत
टेकड्याच टेकड्या उगवल्या, त्यांच्या लांब सावल्यांसकट.

"पहिला हात असाच असतो.
रात्रभर वाळू दे.
आणि नेरिस,
थापी आत्ताच्या आत्ता धू."