मधे पाच घरं

उलव्यात, सातव्या मजल्यावर, रविवारी जेवणं झाली
की टेबल पुसून प्रफुल्ल नकाशा उलगडतो.
घडीवर फाटलाय तो. मागून चिकटपट्टी,
पट्टीत अडकलेला माझा एक केस, दोन वर्षांपूर्वीचा.
पिवळ्याचे तीन डबे हरवले, त्यांच्या जागी चिंचोके.
म्हणून पिवळा कोणी घेत नाही.
मलाच येतो.

त्या रविवारी बाबा होते.
मोतीबिंदू काढून चार दिवस झालेले,
एका डोळ्यावर हिरवी पट्टी, टीव्ही बंद.
"मग खेळा आमच्याशी," म्हणत नीरजाने
दोन शहरांचं कार्ड त्यांच्या हातात दिलं.
नावं वाचलीच नाहीत त्यांनी.
मिठाची गोण उचलण्याआधी अंदाज घ्यावा
तसं कार्ड नुसतं तोललं.

"सोप्पंय आबा. इथून इथपर्यंत रूळ टाकायचे.
मधे पाच घरं लागतात."

"कुनाची?"

ऋत्विज हसला. "कोणाची म्हणजे? रिकामी आहेत.
एकेका घरात एकेक डबा ठेवायचा.
पाचही भरली की रस्ता आपला,
मग दुसऱ्या कोणालाच तिथून जाता येत नाही."

"मंग ह्यो खेल म्हाईत हाय मना,"
बाबा म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली.

खिडकीतून उरणकडे जाणारे रूळ दिसतात.
त्या बाजूचा डोळा झाकलेला होता.

पहिल्या घरात डबा ठेवताना म्हणाले, बांध.
दुसऱ्यात, खाजण.
तिसऱ्यात, आपलं आगर. इथं मीठ बारीक पडायचं,
व्यापारी नाक मुरडायचा.
मुलं हसत होती, मीही.
चौथ्या घरावर त्यांचा हात थांबला.
माझ्या ढिगातला एक चिंचोका उचलून
त्यांनी तिथे ठेवला.

"आबा, तो आईचा आहे!"

"हितं चिंच होती."

नियमांची पुस्तिका आली. प्रफुल्लने दोनदा वाचली.
चिंचेबद्दल तीत काही नव्हतं.
"मग वळसा घाला," नीरजा म्हणाली,
"वरून, डोंगरातून, बोगद्यातून. चौदा घरं होतील.
तुमचे डबे पुरायचे नाहीत."
बाबांनी घातला वळसा.
एकेक डबा सरळ करत, बोटाने नीट ओळीत लावत.
नीरजाने जांभया दिल्या, ऋत्विज दोनदा उठून पाणी प्यायला.
शहर दोन घरांवर आलं तेव्हा डबे संपले.

"कार्ड अपुरं. आबा, उणे बावीस."

"साडेबारा टक्के तरी देशील का नाय?"

प्रफुल्ल खो खो हसला.
तो अकोल्याचा, त्याला वाटलं सासरे गंमत करतायत.
करतही असतील.
मी मनात हिशेब केला, बावीसचे साडेबारा टक्के, पावणेतीन.

त्या पैशांत दादाची बुलेट आली.
माझी चार वर्षांची फी भरली गेली.
या फ्लॅटचे पहिले हप्ते, हे टेबलसुद्धा.
बाबांनी कधी हिशेब मांडला नाही,
मीही विचारला नाही,
आणि ती चिंच मी पाहिलेली आहे का
हे मला खरंच आठवत नाही.
आंबट काहीतरी आठवतं. ते बाजारातलंही असेल.

पट्टी निघाली, बाबा जासईला परत गेले.
पुढच्या रविवारी तेच कार्ड मला आलं,
तीच दोन शहरं, मधे तीच पाच घरं.
मी लांबचा रस्ता नीट पाहिला.
मग डबा, डबा, चिंचोका,
चौथ्या घरातही चिंचोकाच आला. आला, की ठेवला,
ते नीरजाने विचारलं नाही.
पाचवं भरलं.

एकशे सव्वीस गुण.
मी पहिल्यांदाच जिंकले, पिवळ्याने.