अकरावा पत्ता

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो.
रविवारी बघे फार.
मी बुधवारी जातो.

नळाच्या तोट्या, चाव्या हरवलेली कुलपं,
कुलपं हरवलेल्या चाव्या,
आणि गोणपाटाच्या कडेला, शकूरच्या गुडघ्याशी,
माझ्यासाठी राखून ठेवलेला बुटांचा खोका.
"काका, तुमचा कचरा आलाय."
कचऱ्याचे पैसे मात्र मोजून घेतो.

त्या खोक्यातून आजवर निघालं ते असं:
आतला दाणा हरवलेली पंचाची शिट्टी,
खडकीतल्या कुठल्याशा फायनलचं अर्धं तिकीट
(मागे किराण्याचा हिशेब, गूळ दोन वेळा लिहिलेला),
गोलकीपरचं डाव्या पायाचं पॅड, काथ्या बाहेर आलेलं.
उजवं नाही.
उजवं कधीच नाही.

आणि पत्ते.
गुलछडी चहाच्या पुड्यात यायचे, चौऱ्याहत्तर साली,
पाव किलोला एक:
शिलेदार इलेव्हन, खडकी.
आमच्याकडे तो चहा कुणालाच आवडत नसे,
तरी वर्षभर सगळ्यांनी तोच प्यायला,
वडील तर नाक दाबून,
कारण मला सेंटर हाफ मुरुगेश पिल्ले निघायचा होता.
तो निघाला. पाचदा निघाला.
लेफ्ट आऊट निघालाच नाही.

आता मी अडुसष्ट वर्षांचा आहे.
अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या पारदर्शक पिशव्यांत
दहा पत्ते, अकरावा कप्पा रिकामा.
वसुधा म्हणते, "त्यात विजेचं बिल तरी ठेवा."

परवा शकूरने कागदाचा चिटोरा दिला.
"पत्ता पाहिजे होता ना? हा घ्या पत्ता."
रेंजहिल्सच्या पलीकडे, रुळाला लागून, तिसरं दार.
बेनेडिक्ट आरोग्यस्वामी यांच्या मुलीचं घर.

फिलोमिनाबाईंनी आधी माझ्या चपला बघितल्या,
मग मला.
विषय सांगितल्यावर हसल्याच.
आत गेल्या, टेबल जरा उचललं,
पायाखालची घडी काढली, फुंकर मारली.
टेबल डुगडुगू लागलं.
"हा घ्या. पण हे आमचे अप्पा नव्हेत."

फोटोच्या दिवशी अप्पांची रात्रपाळी लांबली होती.
फोटोवाला थांबेना.
म्हणून कारखान्याचा टाइमकीपर बसला त्यांच्या जागी,
त्यांचा जर्सी घालून, स्टिक उलटी धरून.
खाली नाव अप्पांचं.
"अप्पा म्हणायचे, बरं झालं,
तो माझ्यापेक्षा देखणा होता."

मी भिंग काढलं.
खरंच, स्टिक उलटी.
हे पन्नास वर्षांत कुणी पाहिलं नसणार,
कारण पाहायला पत्ताच कुणाकडे नव्हता.

"मग अप्पांचं काही?"
त्यांनी मोरीकडे बोट दाखवलं.
उंच दोरीवर कपडे चढवायची काठी:
तुतीचं लाकूड, टोकाला वळण, वळणाची आतली बाजू झिजून सपाट,
मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
"धरू का?"
"धरा. ओली असेल."

ओली होती.
पट्टीत बोटांचे खळगे होते,
माझी बोटं त्यांत बसली नाहीत.
त्या माणसाचा पंजा मोठा होता, एवढं कळलं.
मी किंमत विचारली नाही.
विचारली असती तर त्यांनी बहुधा दिली असती,
आणि मग कपडे कशाने चढवले असते?

टेबलाखाली ठेवायला मी त्यांना
माझा पाचवा मुरुगेश पिल्ले दिला.
पुन्हा घट्ट उभं राहिलं.

संच पूर्ण आहे आता.
अकरा नावं, दहा माणसं, एक टाइमकीपर.
त्याचं नाव काय, ते फिलोमिनाबाईंनाही आठवेना.

बुधवारी शकूरने विचारलं, "झालं का काका, सुटलात?"
म्हटलं, "झालं."
मग गोणपाटापाशी उकिडवा बसलो.
"उजव्या पायाचं पॅड आलं तर बघ."