एक काना

चर्चच्या मागच्या खोलीत फरशी तिरपी आहे,
म्हणून काट्याच्या एका पायाखाली
जुन्या स्तोत्रवहीचा पुठ्ठा घडी करून ठेवतो.
शून्य येतं. मग हाक मारतो.

तोआइवा पुढे येते.
आधी टोपी काढते, रविवारची, पांढरी,
मग शिंपल्यांची माळ, मग घड्याळ,
मग जरा विचार करून कानामागचं फूल.
"फुलाचं वजन माझ्या नावावर नको," म्हणते.
रांगेतल्या बायका हसतात.
एकशे अठरा पूर्णांक चार.
मी आकडा हळू सांगतो. ती मोठ्याने परत म्हणते,
जमिनीचा उतारा वाचावा तशी.

भिंतीवर तक्ता: हिरवा, पिवळा, लाल.
कुठल्यातरी थंड देशातली माणसं मोजून
कोणी या रेघा ओढल्या.
आमचं अर्धं गाव लाल पट्ट्यात राहतं,
तिथेच चूल पेटवतं, लग्नं लावतं,
संध्याकाळी किलिकिटी खेळतं, आणि हरलं तर भांडतं.

रक्ताच्या नळ्या बर्फात बसून ऑकलंडला गेल्या होत्या.
दीड वर्षाने कागद आले.
तीन अब्ज अक्षरांची पोथी,
तिच्यात एके ठिकाणी एकच अक्षर निराळं.
लिहिताना हात जरा रेंगाळावा
आणि 'भर'वर एक काना पडून 'भार' व्हावा,
एवढंच.
इथे जवळजवळ निम्म्या माणसांत तो काना आहे.
दूरच्या खंडांतल्या पोथ्या चाळल्या, तिथे जवळपास नाहीच.

का, ते कोणालाच नीट ठाऊक नाही.
कोणी म्हणतं, होडी होती, किनारा दिसत नव्हता,
ज्याच्या अंगाला लागलं तोच किनाऱ्याला लागला.
तोआइवा नाक मुरडते:
"माझ्या पूर्वजांना मासे धरता येत होते.
होडीत बसून कोण मोजत होतं रे?"

तिचा आजा पहाटे लाव्हाच्या काळ्या रानातून
डोंगरावरच्या तारोच्या मळ्यात जायचा,
खांद्यावर काठी, दोन्ही टोकांना टोपल्या.
आता वरपर्यंत पिकअप जाते
आणि खाली दुकानात पिसुपोचे डबे,
लग्नाला डबे, मयताला डबे,
पाहुण्याचा मान किती, ते डब्यांवरून मोजायचं.
अक्षर तेच राहिलं.
त्याच्या पुढचं-मागचं सगळं वाक्य बदललं.

दुसरं पान मी उशिरा उलटलं, खरं सांगतो.
ज्यांच्यात तो काना आहे
त्यांचं अंग जड, पण रक्तात साखर कमी.
म्हणजे सगळ्यांची नाही. कल तसा आहे,
असं डॉक्टरीणबाई तीनदा बजावतात.
तोआइवाची साखर पंच्याण्णव.

ती काहीच बोलत नाही. टोपी मांडीवर फिरवत राहते.
तिचा धाकटा भाऊ इओसुआ
ऑकलंडच्या विमानतळावर पेट्या चढवतो.
लहानपणी त्याला सगळे काठी म्हणायचे,
अजूनही पट्ट्याला जास्तीची भोकं पाडून घेतो.
गेल्या हिवाळ्यात त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं कापली.
साखर.
एकाच आईच्या ताटातली दोन भावंडं.
"मग तो काना," ती विचारते, "अर्धा त्याला देता येतो?"

माझ्याकडे फक्त पत्रक आहे.
रोज चाला, भात कमी करा, आणि हसऱ्या माणसाचं चित्र.

ती उठते, मला दंडाला धरून काट्यावर उभं करते.
"तू किती घरांतलं जेवलास, ते गावाला कळू दे."
आकडा तीच वाचते. त्यात दोन किलो मनाने मिळवते.

परतताना तिने दिलेले विलायती फणस
मी पिकअपच्या मागे काट्यावरच ठेवलेत.
खड्डा आला की काटा जागा होतो,
सहा, नऊ, चार पूर्णांक दोन, पुन्हा सहा,
धक्क्यावर पोचेपर्यंत त्याचं काही ठरत नाही.