पाच पावलं

नऊ वर्षं कीथला चौखूर धावायची बंदी होती.
गाडीच्या शर्यतीत नियमच तसा:
मागे दोन चाकांची हलकी गाडी,
एका अंगाचे दोन्ही पाय एकदम पुढे, मग दुसऱ्या अंगाचे,
आणि ही रवाल चाल मोडली
की घोडा ओढून धरायचा
बाकीचे पुढे निघून जाईपर्यंत.

म्हणून त्याच्या अंगात एक जागा आहे
जिथे झेप सुरू होते
आणि तिथेच कुणीतरी लगाम खेचतं.
आता कुणी खेचत नाही. तरीही.

मी एकसष्ट वर्षांची. विंटनच्या आसपास टपाल टाकते.
दोन हिवाळे, मेंढ्यांच्या कुरणाकडेने,
पोटरीने हळूच सांगत राहिले: धाव की रे.
तो रवालीचाच वेग वाढवायचा,
एक कान माझ्याकडे वळवून:
बघ, मोडली नाही. बघ, मी शहाणा आहे.
ते शहाणपण मला बघवायचं नाही.

आज रविवार. दक्षिणेचा बोचरा वारा,
पांढऱ्या डब्यांवर रंगवलेली अक्षरं,
परीक्षक बाई गाडीत बसलेल्या, काचेवर वायपर.
फाटकाशी नायो, बारा वर्षांची, माझा कोट धरून.
कोपऱ्यात मी नुसता श्वास सोडला
आणि माझ्याखाली जमीन गोल झाली.

तीन ठोके, मग पोकळी.
तीन ठोके, मग पोकळी.
पाचदा.

सहाव्याला त्याला आठवलं.
अंग आखडून उभा राहिला,
वाट बघत, खेचण्याची.
मी पुढे वाकून मान थोपटली, भर परीक्षेत.
नायो म्हणाली नंतर, तू रडत होतीस.
म्हटलं, वारा होता.

कागद आला. त्या चालीला दहापैकी चार.
पेन्सिलीने शेरा: 'क्षणिक.'
सहा जणांत सहावी,
आणि पाचवी आलेली मुलगी अर्धा क्रम विसरली होती, तरी.
मी कागद उलटा करून टपालाच्या पेनने लिहिलं: पाच.
पुढे काहीच नाही. ते दहापैकी नव्हते,
कशापैकीच नव्हते.

संध्याकाळी ट्रेव्हरचा फोन, इन्व्हरकार्गिलहून.
माझा भाऊ. कीथची गाडी तोच हाकायचा.
'कितवी?'
'पाच पावलं,' मी म्हटलं.
तिकडे किटली उकळून खटकन बंद झाली.
'मोडली त्याने?'
'मोडली.'

बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, एकदा शेवटच्या वळणावर
सगळ्यांच्या पुढे होतो आम्ही दोघं,
रिकामी वाट समोर, ऊन पडलेलं,
आणि त्याला धावावंसं वाटलं.
मला हातात कळलं होतं ते, नोएलीन.
हातात.

'पुढच्या खेपेला येऊ का?' त्याने विचारलं.
'लांब उभा राहीन. वाऱ्याच्या खालच्या अंगाला.
माझा वास नको यायला त्याला.'