एका पायावर

हाड मोडलेलं नाही, ग्लेनिस म्हणाली,
आणि मला, खोटं कशाला बोलू,
जरा वाईटच वाटलं.
मोडलेल्या हाडाला मान असतो,
प्लास्टरवर लोक सह्या करतात.
मुरगळलेल्या पायाला नुसतं विचारतात :
"अजून दुखतंय?"

घडलं ते एवढंच.
शेफील्ड, वॉकलीचा चढ, नोव्हेंबर,
सत्तेचाळीस नंबरच्या पायऱ्यांवर कुजकी पानं,
खांद्याला टपालाची पिशवी, हातात कुणाचं पार्सल.
पाऊल आत वळलं, मी बाहेर गेले.
पार्सल पडू दिलं नाही.
त्यात मांजराचं खाणं होतं, हे नंतर कळलं.

ग्लेनिसने टेबलावरचा प्लॅस्टिकचा पाय उचलला.
स्नायू ओढतो, म्हणाली, हा ओढत नाही.
हाडाला हाडाशी धरून ठेवतो, बस्स.
घोट्याच्या बाहेरून असे तीन पट्टे,
पुढचा सगळ्यात नाजूक,
पहिला मार त्यालाच.
तुझा अर्धा उसवलाय.
रक्त तिथं बेताचंच पोचतं, तेव्हा घाई नको.

अस्थिबंध.
आकृतीला नावे द्या, गुण दोन.
दिली होती नावं, मिळाले होते दोन.
पुढे चोवीस वर्षं त्याने मला
या गावाच्या टेकड्या चढवल्या-उतरवल्या,
मी एकदाही चौकशी केली नाही.

सांगलीहून वन्संचा फोन :
आंबेहळद उगाळून लाव, चांगली गरम.
बर्फ सांगितलाय, म्हटलं.
बर्फानं काय होतंय!
मग गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी फडक्यात गुंडाळून
मी पाय उशीवर ठेवून पडले.
जांभळा, हिरवट, पिवळा.
पिवळ्यावर हळदही लावली.
दोघींची मनं राखली.

सहाव्या आठवड्यात ग्लेनिस म्हणाली,
दुखऱ्या पायावर उभी राहा.
राहिले.
आता डोळे मिट.
चार सेकंद. मग भिंत.

ती नुसती दोरी नसते गं, ती म्हणाली,
बातमीही नेते.
पाऊल कुठं आहे, किती कललंय.
ताणली गेली की बातमी उशिरा पोचते,
तोवर तू पडलेली असतेस.

हे मात्र मला लगेच कळलं.
मिसेस ओल्डरॉइडच्या नावाची पाकिटं अजून येतात,
चष्म्याच्या दुकानाची, बागेच्या कॅटलॉगची.
तो दार उघडतो, नाव वाचतो,
थँक यू, लव्ह, म्हणतो,
आणि जिना चढायला वळतो
तिला द्यायला.
मग थांबतो.

आता रोज सकाळी किटली लावते
आणि घडी केलेल्या टॉवेलवर एक पाय.
हात सिंकपासून वीतभर.
डोळे मिटले की घोट्यात बारीक थरथर सुरू होते,
नवा पोस्टमन पहिल्या दिवशी
गल्लीतले घरनंबर पुटपुटत निघावा, तशी.
नऊ. दहा. अकरा.
किटली टक्कन बंद होते.
मी अजून उभी.